वृत्तपत्रविद्येचा वर्ग आणि हरवलेला कर्ता

१

वृत्तपत्रात लिहावे कसे, हे महाविद्यालयाच्या वर्गात बसवून शिकविता येते काय, असा प्रश्न आपल्याकडे अद्यापि अधूनमधून विचारला जातो. जुने संपादक म्हणतात की, छापखान्याच्या शाईने हात माखल्यावाचून ही विद्या येत नाही. जुने प्राध्यापक म्हणतात की, जी गोष्ट छापखान्यात उमेदवारी करून साध्य होते, तिच्यासाठी विद्यापीठाने पदवी कशाला निर्माण करावी? दोघांच्याही म्हणण्यात तथ्याचा अंश आहे. परंतु ह्या वादाचा निकाल इतिहासाने केव्हाच दिला आहे. देशोदेशींच्या विद्यापीठांत हा विषय आज शिकविला जातो आणि त्या वर्गांतून बाहेर पडलेली माणसे वृत्तपत्रांत, नभोवाणीवर व दूरचित्रवाणीवर काम करीत आहेत. शिकविता येते, हे सिद्ध झाले आहे. आमच्या मते खरा प्रश्न निराळा आहे. ही विद्या आपल्या देशात कोणत्या भाषेतून आली, आणि त्यामुळे मराठीच्या पदरात काय पडले व तिच्या हातून काय निसटले, हा तो प्रश्न होय. बृहन्महाराष्ट्रात मराठीचे अध्यापन करणाऱ्यांना तर तो विशेष जवळचा आहे. म्हणून ह्या वर्गाचा इतिहास थोडक्यात पाहून त्यातून मराठीच्या शिक्षकाने काय घ्यावे, ह्याचा विचार येथे करण्याचे आम्ही योजिले आहे.

२

ह्या वर्गाचा पहिला प्रयत्न एका पराभूत सेनापतीने केला, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटेल. अमेरिकेतील यादवी युद्धात दक्षिणेच्या सैन्याचे नेतृत्व करणारा रॉबर्ट ली हा १८६५ साली शरणागतीनंतर व्हर्जिनिया राज्यातील लेक्सिंग्टन येथील वॉशिंग्टन कॉलेजचा अध्यक्ष झाला. युद्धाने उद्ध्वस्त झालेला समाज पुन्हा उभा करावयाचा तर त्याला जाणती वृत्तपत्रे हवीत, असा विचार करून त्याने १८६९ साली एक योजना मांडली. मुद्रण व वृत्तपत्र हा व्यवसाय पत्करू इच्छिणाऱ्या पन्नासपर्यंत तरुणांना शिष्यवृत्त्या द्याव्यात, त्यांनी कॉलेजातील नेहमीचे विषय शिकावेत आणि जोडीला गावातील छापखान्यात प्रत्यक्ष काम करावे, असे तिचे स्वरूप होते. ली १८७० साली निवर्तला आणि १८७८ पर्यंत ती योजनाही संपुष्टात आली. न्यूयॉर्कच्या पत्रसृष्टीतील फ्रेडरिक हडसन व एडविन गॉडकिन ह्यांच्यासारख्या मातबरांनी ह्या कल्पनेची थट्टाच केली. तथापि लीने घालून दिलेली एक गोष्ट टिकली. वर्ग आणि छापखाना ह्यांची गाठ घातल्यावाचून हे शिक्षण होणार नाही, ही ती गोष्ट होय.

त्या गाठीचे पूर्ण रूप मिसुरी विद्यापीठात दिसले. १९०८ साली तेथे वॉल्टर विल्यम्स ह्याने वृत्तपत्रविद्येची स्वतंत्र शाळा उघडली. विल्यम्सने स्वतः कोणतीही पदवी घेतलेली नव्हती. छापखान्यातील पोऱ्या म्हणून त्याने आरंभ केला आणि आपल्या गावाच्या पत्राचा संपादक होण्यापर्यंत मजल मारली. अशा माणसाला विद्यापीठाने ह्या शाळेचा प्रमुख केले, आणि पुढे १९३१ साली तो त्याच विद्यापीठाचा अध्यक्ष झाला. शाळा ज्या दिवशी उघडली त्याच दिवशी, म्हणजे १४ सप्टेंबर १९०८ रोजी, विद्यार्थ्यांनी चालविलेल्या दैनिकाचा पहिला अंक निघाला. ते दैनिक वर्गापुरते हस्तलिखित नव्हते; ते गावात विकले जाणारे आणि चूक झाल्यास गावाचे बोलणे ऐकावे लागणारे खरेखुरे पत्र होते. विद्यार्थ्याच्या चुकीला गुण कमी होण्यापलीकडे काही परिणाम असला पाहिजे, हे विल्यम्सने ओळखले होते.

दुसरी परंपरा जोसेफ पुलित्झर ह्याच्या नावाशी निगडित आहे. हंगेरीतील मॅको गावी १८४७ साली जन्मलेला हा ज्यू तरुण १८६४ साली अमेरिकेत आला, तेव्हा त्याला इंग्रजी धड येत नव्हते. १८६८ साली सेंट लुई येथील एका जर्मन भाषेतील पत्रात त्याने बातमीदारी धरली. तेथून तो इंग्रजी पत्रसृष्टीत शिरला आणि न्यूयॉर्कच्या ‘वर्ल्ड’ पत्राचा मालक झाला. ज्या पत्राने भडक बातम्यांच्या चढाओढीत एकेकाळी कोणाची भीडमुर्वत ठेवली नाही, त्याच्याच मालकाने आयुष्याच्या उत्तरार्धात, दृष्टी जवळजवळ गेलेली असताना, वृत्तपत्रविद्येच्या शिक्षणासाठी वीस लक्ष डॉलर कोलंबिया विद्यापीठाला देऊ केले. १९०४ साली त्याने आपल्या कल्पनेचे समर्थन करणारा प्रदीर्घ लेख लिहिला. हार्वर्ड विद्यापीठाचे अध्यक्ष चार्ल्स एलियट ह्यांनी जाहिरात, खप, व्यवस्थापन हेही विषय शिकवावेत असे सुचविले होते. पुलित्झरने त्यास ठाम विरोध केला. त्याच्या योजनेत इतिहास, कायदा, राज्यशास्त्र, अर्थशास्त्र, भाषा आणि नीती ह्यांना स्थान होते, धंद्याला नव्हते. १९११ साली तो वारला, आणि १९१२ साली कोलंबियाची शाळा सुरू झाली.

ह्या दोहोंचा मेळ विस्कॉन्सिन विद्यापीठातील विलर्ड ब्लायर ह्या अध्यापकाने घातला. वृत्तपत्रविद्येच्या विद्यार्थ्याने आपला बहुतेक वेळ समाजशास्त्रे व वाङ्मय ह्यांना द्यावा आणि उरलेला लेखनतंत्राला, असा त्याचा आग्रह होता. अशा रीतीने विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत ह्या वर्गाचा साचा तयार झाला. प्रत्यक्ष काम, व्यापक वाचन आणि धंद्यापासून राखलेले अंतर ही त्याची तीन अंगे होत. तिसरे अंग पुढे कितपत टिकले, हा विषय निराळा.

३

ह्या वर्गात पहिल्या दिवशी जो पाठ देण्यात येतो, तो सहा प्रश्नांचा. कोण, काय, कोठे, केव्हा, का आणि कसे, ह्या सहा प्रश्नांची उत्तरे बातमीने दिलीच पाहिजेत. इंग्रजीत ह्यांपैकी पाच शब्द एकाच अक्षराने आरंभ होतात. मराठीत तर सहाही ‘क’ने आरंभ होतात, म्हणून आपल्याकडे त्यांना ‘ककार’ म्हणण्याचा सुबक प्रघात पडला. हे प्रश्न अमेरिकेने शोधले असे मात्र नाही. घटनेची अंगे कोणती, ह्याचा विचार प्राचीन ग्रीक व रोमन वक्तृत्वशास्त्रात झालेला आहे, आणि त्या प्रश्नांची एक यादी हर्मागोरस ह्या ग्रीक पंडिताच्या नावावर सांगितली जाते. इंग्रजी वाचकांच्या तोंडी ते प्रश्न बसविले रुडयार्ड किपलिंगने, १९०२ साली प्रसिद्ध झालेल्या मुलांच्या कथांतील एका छोट्या कवितेने. किपलिंग हा मुंबईत जन्मलेला आणि लाहोर व अलाहाबाद येथील पत्रांत बातमीदारी करून लेखक झालेला, हे येथे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

दुसरा पाठ ‘उलट्या मनोऱ्या’चा. बातमीतील सर्वांत महत्त्वाचा भाग आरंभी, त्याहून कमी महत्त्वाचा त्याखाली आणि किरकोळ तपशील शेवटी, अशी ही रचना. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत बातम्या बहुधा घटनाक्रमानेच लिहिल्या जात. शतक संपता संपता हा नवा क्रम रूढ होत गेला. तारेचे दर भारी आणि तार मध्येच तुटण्याची भीती, म्हणून मुख्य मजकूर आधी पाठविण्याची सवय लागली, असे पुष्कळजण सांगतात; अन्य अभ्यासक त्याची कारणे शिक्षणाच्या प्रसारात व बदललेल्या वाचकवर्गात शोधतात. कारण काहीही असो. जागा कमी पडली तर शेवटचा परिच्छेद डोळे मिटून कापता येतो, ही तिची सोय छापखान्याला मानवली आणि ती रचना स्थिर झाली.

येथे मराठीच्या अध्यापकाने क्षणभर थांबले पाहिजे. ही दोन्ही सूत्रे इंग्रजी वाक्याच्या अंगकाठीला शोभणारी आहेत. इंग्रजी वाक्यात कर्ता आधी येतो, लगेच क्रियापद येते आणि बाकीचा परिवार मागून चालत येतो. म्हणून पहिल्या चार-सहा शब्दांत कोणी काय केले ते कळते, आणि उरलेले ककार त्यामागे कितीही ओवले तरी वाचक बुचकळ्यात पडत नाही. मराठीत क्रियापद शेवटी असते. सहाही ककार एका वाक्यात कोंबले की विशेषणांची व धातुसाधितांची रांग लागते, आणि नेमके काय झाले हे कळण्यासाठी वाचकाला वाक्याच्या टोकापर्यंत दम धरावा लागतो. जी रचना इंग्रजी वाचकाची वाट पाहणे संपविण्यासाठी निघाली, ती शब्दशः उचलली तर मराठी वाचकाला वाट पाहावयास लावते. उपाय अवघड नाही. वाक्य मोडावे आणि ककार दोन-तीन लहान वाक्यांत वाटून द्यावेत. परंतु हा उपाय सुचण्यासाठी ती विद्या मराठीत शिकविली गेली पाहिजे. ती कोणत्या भाषेत शिकविली गेली, ते आता पाहू.

४

आपल्या देशात ह्या शिक्षणाचा पहिला उल्लेखनीय प्रयत्न ॲनी बेझंट ह्यांनी १९२० साली मद्रासजवळ अड्यार येथील राष्ट्रीय विद्यापीठात केला. विद्यार्थ्यांना त्यांच्याच ‘न्यू इंडिया’ पत्रात कामाचा अनुभव मिळावा, अशी त्यात व्यवस्था होती. १९३८ साली अलीगढ येथे कुलगुरू सर शाह सुलेमान ह्यांच्या पुढाकाराने एक अभ्यासक्रम निघाला. हे दोन्ही प्रयत्न अल्पायुषी ठरले. १९४१ साली लाहोर येथे पंजाब विद्यापीठात पृथ्वीपाल सिंग ह्यांनी जो विभाग सुरू केला तो मात्र टिकला. सिंग ह्यांचे शिक्षण मिसुरी व लंडन येथे झालेले होते. फाळणीनंतर हा विभाग आपले बिऱ्हाड घेऊन दिल्लीस आला आणि १९६२ साली चंडीगढला स्थिरावला. मद्रास येथे १९४७, कलकत्ता येथे १९५० आणि म्हैसूर येथे १९५१ साली वर्ग निघाले. म्हैसूरच्या वर्गाचे प्रवर्तक नाडिग कृष्णमूर्ती हेही मिसुरीचेच विद्यार्थी.

मराठी मुलखात हा वर्ग प्रथम आला तो पुण्यास नव्हे, मुंबईसही नव्हे, तर नागपुरास. तेथील हिस्लॉप कॉलेजात १९५२ साली वृत्तपत्रविद्येचा विभाग निघाला आणि त्याच्या उभारणीसाठी अमेरिकेतील सिराक्यूज विद्यापीठाचे अध्यापक रोलंड वुल्सली हे फुलब्राइट योजनेखाली आले. त्या वेळी नागपूर ही मध्य प्रदेशाची राजधानी होती आणि राज्यकारभारात हिंदी व मराठी ह्या दोन्ही भाषांना स्थान होते. शहरात इंग्रजी ‘हितवाद’ होता, हिंदी पत्रे होती, ग. त्र्यं. माडखोलकरांच्या संपादकत्वाखालील मराठी ‘तरुण भारत’ होता. एकाच घटनेची बातमी तीन भाषांत कशी लिहावी, हे शिकविण्यास याहून योग्य स्थळ सापडणे कठीण. परंतु वर्गाची भाषा इंग्रजी होती, शिक्षक परदेशातून आलेले होते आणि पाठ्यपुस्तके अमेरिकेची होती. ह्यात त्या अध्यापकांना दोष देण्याचे कारण नाही. त्यांनी आपल्याजवळ होते ते मनःपूर्वक दिले.

दोन वर्षांनी, १९५४ साली, हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात असाच विभाग निघाला आणि त्याच्या उभारणीतही डी फॉरेस्ट ओडेल ह्या अमेरिकन अध्यापकाचा वाटा होता. अमेरिकेतील वृत्तपत्रशिक्षणाच्या इतिहासावर त्यांनी १९३५ साली ग्रंथ लिहिलेला होता. उस्मानियाचे उदाहरण अधिक बोलके आहे. १९१८ साली स्थापन झालेले हे विद्यापीठ एका भारतीय भाषेतून, म्हणजे उर्दूतून, सर्व उच्च शिक्षण देण्याची प्रतिज्ञा करून जन्मास आले होते, आणि त्यासाठी भाषांतराचे स्वतंत्र खाते उघडण्यात आले होते. त्याच विद्यापीठात जेव्हा वृत्तपत्रविद्या आली, म्हणजे जी विद्या लोकभाषेवाचून क्षणभर जगत नाही ती आली, तेव्हा विद्यापीठाचे माध्यम इंग्रजी झालेले होते. उर्दू, तेलुगू, मराठी व कन्नड ह्या चार भाषा नांदणाऱ्या त्या शहरात बातमीचे शास्त्र पाचव्या भाषेत शिकविले जाऊ लागले.

१९५४ हेच वर्ष न्यायमूर्ती जी. एस. राजाध्यक्ष ह्यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाच्या अहवालाचे. त्यानंतर दहा वर्षांनी, १९६४ साली, पुणे विद्यापीठाचा विभाग रानडे इन्स्टिट्यूटमध्ये आला, आणि १९६५ साली दिल्लीत भारतीय जनसंचार संस्था स्थापन झाली. मराठीतून ही विद्या देण्याचे पद्धतशीर प्रयत्न त्यानंतरचे आहेत. १९८९ साली स्थापन झालेल्या नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाने मराठीत पाठ्यपुस्तके सिद्ध केली, आणि पुढे जनसंचार संस्थेच्या अमरावती येथील केंद्रातही मराठी पत्रकारितेचा अभ्यासक्रम सुरू झाला. म्हणजे नागपुरात वर्ग उघडल्यानंतर मराठीला स्वतःची पाठ्यपुस्तके मिळण्यास तीन तपांहून अधिक काळ जावा लागला. मधल्या काळात मराठी बातमीदार काय करीत होता? तो इंग्रजीत शिकत होता, किंवा शिकतच नव्हता. आणि दोन्ही परिस्थितींत वृत्तसंस्थेची इंग्रजी तार पुढे ठेवून रात्री अकरा वाजता भाषांतर करीत होता.

५

ह्यात खेदाची गोष्ट अशी की, मराठी वृत्तपत्राचा जन्मच मुळी शिक्षकांच्या हातून झालेला आहे. ६ जानेवारी १८३२ रोजी ‘दर्पण’ काढणारे बाळशास्त्री जांभेकर हे अध्यापक होते. १८३४ साली ते एल्फिन्स्टन संस्थेत साहाय्यक प्राध्यापक झाले. ‘दर्पणा’च्या पानावर दोन स्तंभ असत, एक इंग्रजी व एक मराठी, आणि एकच मजकूर दोन्ही भाषांत शेजारी शेजारी उभा राही. म्हणजे भाषांतराचा प्रश्न मराठी वृत्तपत्रापुढे पहिल्या दिवसापासून होता. बाळशास्त्र्यांनी त्याला तोंड दिले ते व्याकरणकाराच्या जागरूकतेने. मुलांसाठी मराठी व्याकरणाचे पुस्तकही त्यांनीच लिहिले आहे.

अर्धशतकानंतर तोच योग पुण्यास आला. १ जानेवारी १८८० रोजी न्यू इंग्लिश स्कूल निघाले आणि वर्षभरातच, १८८१ च्या जानेवारीत, त्याच मंडळींनी ‘केसरी’ व ‘मराठा’ ही पत्रे काढली. चिपळूणकर, टिळक, आगरकर हे सकाळी शिक्षक आणि संध्याकाळी पत्रकार होते. छापखाना हलविताना खिळ्यांच्या पेट्या त्यांनी स्वतः वाहून नेल्या, असे त्यांचे चरित्रकार सांगतात. ‘केसरी’चे पहिले संपादक आगरकर ह्यांनी १८८८ साली ‘सुधारक’ काढला, आणि त्याच वर्षी त्यांचा ‘वाक्यमीमांसा’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. ज्या लेखणीने समाजाच्या रूढींची चिरफाड केली, तिनेच मराठी वाक्याचे पृथक्करण करावे, हा आम्हांस योगायोग वाटत नाही. वाक्यात कर्ता कोण, कर्म कोणते आणि क्रिया कोणाकडे जाते, हे ज्याला स्वच्छ दिसते त्यालाच समाजात कोणी काय केले आणि त्याचा भोग कोणाला भोगावा लागला, हे स्वच्छ लिहिता येते.

महाराष्ट्राबाहेरच्या मराठी पत्रांनी हीच परंपरा अधिक बिकट स्थितीत चालविली. बडोद्यास यंदे ह्यांचे ‘सयाजीविजय’, गोव्यात हेगडे देसाई ह्यांनी १९१२ साली काढलेले ‘भारत’, बेळगावात बाबुराव ठाकूर ह्यांचे १९१९ मधील ‘तरुण भारत’, हैदराबादेत लक्ष्मणराव फाटक ह्यांचे १९२० मधील ‘निजाम विजय’ ही काही नावे. ह्यांतील काही ठिकाणी सरकारची भाषा पोर्तुगीज, काही ठिकाणी उर्दू. हुकूम एका भाषेत निघावयाचा आणि त्याची झळ मराठी माणसाला लागावयाची. तो हुकूम मराठीत समजावून सांगणे म्हणजे नुसते शब्द बदलणे नव्हे, तर तो कोणी काढला आणि कोणावर काढला हे उघड करणे, ही जाणीव त्या कामातच अंतर्भूत होती. हे शिक्षण कोणत्याही विद्यापीठाने दिलेले नव्हते.

६

आता हरवलेल्या कर्त्याकडे वळू. मराठीला कर्मणी प्रयोग परका नाही. ‘रामाने रावण मारला’ हे वाक्य कर्मणीच आहे. पण त्यात राम आहे, तृतीयेत का होईना, डोळ्यांसमोर उभा आहे. आज वृत्तपत्रांत आणि आकाशवाणीवर जो प्रयोग रात्रंदिवस ऐकू येतो, तो ह्याहून निराळा आहे. ‘निर्णय घेण्यात आला’, ‘कारवाई करण्यात येईल’, ‘लाठीमार करण्यात आला’, ‘पाणी सोडण्यात आले’. ही वाक्ये व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहेत, पण ती घरे मालकावाचून आहेत. कचेरीच्या इंग्रजीची नक्कल करता करता ही सवय बळावली असावी, असे आम्हांस वाटते. इंग्रजी कचेरीला कर्ता लपविण्याची सोय हवी होती. मराठी वृत्तपत्राला ती सोय नको होती, परंतु भाषांतराबरोबर ती आयती आली. गंमत अशी की, ज्या वर्गात पहिला ककार ‘कोण?’ हा शिकविला जातो, त्याच वर्गाचे पाठ परभाषेतून उतरविताना ‘कोण?’ ह्याचे उत्तर मराठीतून नाहीसे होते.

ह्याचा प्रत्यय आम्हांस एका पदवीवर्गात आला. मराठीच्या विद्यार्थ्यांसाठी लेखनाची एक लहानशी कार्यशाळा आम्ही घेत होतो. पहिल्या दिवशी आम्ही त्यांना एका मोडलेल्या पुलाविषयीचे इंग्रजी टिपण भाषांतरासाठी दिले. एका हुशार विद्यार्थिनीने लिहिले: ‘पुलाच्या दुरुस्तीच्या कामास होत असलेल्या विलंबाच्या निषेधार्थ ग्रामस्थांकडून काढण्यात आलेल्या मोर्चास सदर काम लवकरच हाती घेण्यात येणार असल्याचे आश्वासन देण्यात आले.’ वर्गाने हे वाक्य उत्तम ठरविले. ते अगदी वृत्तपत्रातल्यासारखे आहे, असेही एकजण म्हणाला. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यांना टिपण दिले नाही. त्याच पुलावर जाऊन या, असे सांगितले. त्याच विद्यार्थिनीने लिहून आणले: ‘पूल दोन पावसाळे मोडून पडला आहे. शाळेची मुले ओढ्यातून जातात. दुरुस्ती होत नाही म्हणून गावकरी गेल्या आठवड्यात कचेरीवर गेले. काम लवकर सुरू करू, असे तेथील अधिकाऱ्यांनी त्यांना सांगितले.’

आम्ही तिला विचारले, ‘अधिकारी म्हणजे कोण?’ तिला सांगता येईना. ती पुन्हा गेली. तेव्हा कळले की, गावकऱ्यांना पुलाचे काम एक कचेरी दुसरीकडे ढकलीत होती आणि दुसरी पहिलीकडे; आणि आश्वासन ज्याने दिले त्याला ते काम करण्याचा अधिकारच नव्हता. ती म्हणाली, ‘सर, कालच्या वाक्यात हे कधी कळलेच नसते. त्यात कोणी कोणाला काही सांगितलेच नव्हते.’ वृत्तपत्रविद्येवरील कित्येक ग्रंथ आम्ही वाचले आहेत. पण ह्या एका वाक्याइतके सार त्यांपैकी थोड्यांतच आम्हांस आढळले. भाषेतला कर्ता शोधू गेलेली मुलगी घटनेतल्या कर्त्यापर्यंत जाऊन पोहोचली होती. शैलीचा पाठ आणि सत्याचा पाठ हे दोन नव्हेत, हे तिने आम्हांस शिकविले.

७

आज ही गोष्ट पूर्वीपेक्षा निकडीची झाली आहे. रात्री अकरा वाजता तार घेऊन बसणारा उपसंपादक निदान माणूस होता. भाषांतर करताना त्याला शंका येत असे, तो दूरध्वनी उचलून विचारीत असे. आता इंग्रजी मजकूर यंत्रात घातला की क्षणार्धात मराठी बाहेर पडते, आणि ते बरेचसे शुद्धही असते. परंतु मूळ टिपणात जो कर्ता लपविलेला आहे, तो यंत्र कोठून आणणार? त्याला पुलावर जाता येत नाही. शुद्ध, गुळगुळीत आणि कर्ताहीन मराठीचा पूर आला, तर तो थोपविण्याचे साधन एकच आहे: ‘हे कोणी केले?’ असे विचारल्यावाचून वाक्य पुरे न मानणारा विद्यार्थी.

असा विद्यार्थी घडविण्यासाठी मोठा विभाग, यंत्रसामग्री वा परदेशी तज्ज्ञ ह्यांची आवश्यकता आहे असे आम्हांस वाटत नाही. इंदूर, ग्वाल्हेर, बडोदे, हैदराबाद, बेळगाव, गोवा येथील ज्या महाविद्यालयांत मराठीचे वर्ग चालतात, तेथील पटसंख्या लहान असली तरी ती ह्या कामाला पुरेशी आहे. मिसुरीपासून एवढेच घ्यावे की, विद्यार्थ्यांचे लिखाण बाहेर वाचले गेले पाहिजे. मग ते चार पानांचे मासिक पत्र का असेना. ब्लायरपासून घ्यावे की, लेखनाच्या एका तासामागे इतिहासाचे व समाजशास्त्राचे तीन तास वाचन हवे. पुलित्झरपासून घ्यावे की, परभाषेत ज्याचे बोट प्रथम अडखळले, तोही त्या भाषेच्या वृत्तपत्रांचा धनी होऊ शकतो. आपल्या सीमेवरच्या द्विभाषिक विद्यार्थ्याला न्यूनगंड बाळगण्याचे कारण नाही, उलट दोन भाषांतील अंतर त्यालाच आधी दिसते. आणि आगरकरांपासून घ्यावे ते वाक्यपृथक्करण. शाळेत जे प्रकरण परीक्षेपुरते घोकून विसरले जाते, ते ह्या वर्गात पहिले शस्त्र झाले पाहिजे. वर्तमानपत्राचे एक पान घ्यावे, प्रत्येक वाक्याखाली कर्ता लिहावा, आणि जेथे तो सापडत नाही तेथे प्रश्नचिन्ह करावे. तास संपेपर्यंत फळ्यावर जी प्रश्नचिन्हे जमतील, तीच दुसऱ्या दिवशीच्या बातमीदारीची यादी.

बाळशास्त्र्यांनी आपल्या पत्राला ‘दर्पण’ हे नाव दिले. आरशात घटना दिसावी, ही अपेक्षा त्या नावात आहेच. पण आरशात माणूसही दिसावा लागतो. मराठीच्या शिक्षकाकडे हा आरसा पुसण्याचे काम पूर्वीपासून आहे. नवा विषय म्हणून त्याने बिचकू नये. हे त्याच्याच घरातून बाहेर गेलेले काम आहे, ते त्याने पुन्हा घरी आणावे, इतकीच आमची विनंती आहे.